वसंता अक्काच्या हाताखालीं

माझं नांव गोदावरी. कुंभकोणांत सगळे गोदा म्हणतात, आणि तमिळ लोकांना वाटतं कीं तें आंडाळचं, म्हणजे त्यांच्या संत कवयित्रीचं नांव, मीही कधीं दुरुस्त करत नाहीं, नदीचं काय आणि आंडाळचं काय, दोन्ही चांगलींच. तुम्ही लिहून घ्या, पण माझ्या मराठीला हंसूं नका. पूर्वीं एक पुण्याचे पाहुणे आले होते, ते म्हणाले बाई, तुमचं बोलणं जुन्या पोथीसारखं आहे. काय करूं, आमच्या घरांत असंच बोलतात, आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला कीं तमिळ. म्हणजे आतां जें सांगतें तें सगळं तमिळमध्यें घडलेलं आहे, तुम्हांला मराठींत सांगतें एवढंच.

जन्म माझा तिरुविडैमरुदूरचा. आमचे वाडवडील तंजावरच्या महाराजांच्या कोठीवर होते म्हणून अप्पा सांगायचे, आणि अप्पा स्वतः स्टेशनाजवळ सायकली दुरुस्त करायचे. चाक उलटं धरून फिरवत फिरवत राजाची गोष्ट सांगायचे. अम्मा शेजारपाजारच्या मुलींचे पावडे शिवायची, लांब परकर हो, आमच्याकडे पावडै म्हणतात, तिच्या मशीनवर मी शिकलें. लग्न होऊन कुंभकोणाला आलें. आमच्या घरचे, सेतुराव त्यांचं नांव, राइस मिलमध्यें वजनकाट्यावर होते. ती मिल बंद पडली, तेव्हां मी म्हटलं कीं हातांत शिवण आहे तर बसून कशाला राहूं, आणि बसस्टँडाच्या मागं शाळेचे युनिफॉर्म शिवायचा कारखाना आहे तेथं जाऊन लागलें. रामलिंगम म्हणून मालक, त्यांना आम्ही मुदलाळी म्हणतों. वाईट माणूस नव्हे, पण आवाज मोठा. खालीं अंगणांत बोलले तर वर मशीनवर बसलेल्या बाईची सुई चुकायची.

तेव्हां जो मॅनेजर होता तोही त्यांच्याचसारखा. हातांत पट्टी घेऊन रांगांमधून फिरायचा. मारायचा नव्हे, टेबलावर आपटायचा. कोणाचं चुकलं कीं सगळ्यांसमोर तो शर्ट वर धरून दाखवायचा, पाहा पाहा, ही बाही कीं पिशवी. ती बाई मान खालीं घालून रडायची आणि रडत रडत दुसरी बाही बिघडवायची. दोन बाया गेल्या, तीन आल्या, पुन्हा दोन गेल्या, असंच चालायचं. एके दिवशीं तोही गेला, त्याला तिरुच्चीला मोठी नोकरी मिळाली म्हणे. आणि त्याच्या जागीं आली वसंता अक्का.

काय सांगूं तुम्हांला तिचं. बुटकी, काळीसावळी, केंसांत एक गजरा, पायांत रबराच्या चपला. गांव तिरुनीलक्कुडी. तरुणपणीं तिरुप्पूरला कपड्यांच्या कारखान्यांत बरींच वर्षं काम केलेलं, नवऱ्याची तब्येत बिघडली म्हणून परत आलेली. पहिल्या दिवशीं आम्ही सगळ्या वाट पाहत होतों कीं ही आतां पुढं उभी राहून भाषण करील. ती आली आणि पहिल्या मशीनपाशीं स्टूल ओढून बसली. त्या बाईला म्हणाली, दे गं, एक बाही मी लावतें, तूं जरा पाय मोकळे कर. मग दुसऱ्या मशीनवर. मग तिसऱ्या. असं करत करत सगळ्या मशीनींवर बसली, आणि बसली म्हणजे नुसती शिवत नव्हती, विचारत होती. तुजला काय शिवायला आवडतं? काय आवडत नाहीं? अहो, इतकीं वर्षं शिवतां शिवतां असं मजला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं अक्का, खिसा आवडतो, काज आवडत नाहीं. ती हंसली, म्हणाली खिसा आवडणारी बाई पहिल्यांदा पाहतें, बरं, घे खिसे.

आठवड्याभरांत सगळं उलटपालट झालं. कॉलर लावतां लावतां हळू पडायची ती राणी, तिला सगळे आळशी म्हणायचे. अक्कानं तिच्या मशीनवर बसून पाहिलं तर तेथं उजेडच नाहीं, आणि राणीला जवळचं कमी दिसतं. तिला खिडकीपाशीं नेलं, डोळे तपासून घे म्हणून सांगितलं, चष्मा लागला, आणि तीच राणी दुप्पट काम करूं लागली. डावखुरी एक मुलगी होती, तिच्या मशीनची बाजू बदलली. कोणावर उपकार केल्यासारखं नव्हे हो, जसं आपण मीठ कमी पडलं तर घालतों तसं.

रागवायची नाहीं असं मात्र नव्हे. रागवायची. पण कसं, तर कोणाचं मोठं चुकलं कीं ती जवळ येऊन हळूच म्हणायची, चल, काफी पिऊन येऊं. समोर रस्त्यापलीकडे काफीचं दुकान आहे, तेथं बांकावर बसायचं, पितळी दवऱ्या-टंबलरमध्यें, म्हणजे वाटी आणि पेला हो, वाफाळती काफी यायची, आणि काफी निवेपर्यंत अक्का जें काय सुनावायचं तें सुनावायची. कडक बोलायची, डोळ्यांत डोळे घालून. काफी संपली कीं विषय संपला. परत आल्यावर एक शब्द नाहीं, दुसऱ्या कोणाला पत्ता नाहीं. आणि चांगलं कांहीं झालं कीं तें मात्र मधल्या वाटेंत उभं राहून, सगळ्यांना ऐकूं येईल असं. मग आम्ही बाया आपसांत चिडवायचों, आज तुझी काफी आहे वाटतं! मुदलाळी एकदां म्हणाले, वसंतम्मा, कामगारांना फार काफ्या पाजतेस. ती म्हणाली मुदलाळी, तुम्हींही एकदां चला ना. ते गेले नाहींत!

आतां मुख्य गोष्ट सांगतें. तिरुप्पनंदाळच्या बाजूनं पांच बाया यायच्या, नदीपलीकडून, बसनं. सेल्वी म्हणून एक त्यांच्यांत थोरली, बाकीच्या तरण्या. चांगल्या शिवणाऱ्या, पण रोज उशीर. कधीं अर्धा तास, कधीं तासभर. आणि आमच्या कुंभकोणच्या बायांमध्यें जयंती म्हणून होती, कापणीला तिच्याइतका हात कोणाचा नाहीं, पण जीभ कातरीपेक्षां धारदार. तिला हें सहन होईना. ती म्हणायची आम्ही नवाच्या ठोक्याला येतों, स्वयंपाक आम्हांलाही आहे, पोरं आम्हांलाही आहेत, ह्या राण्या उन्हं चढल्यावर येणार आणि त्यांचं काम आम्ही ओढणार काय? आणि तिचं खोटं नव्हतं. सेल्वीकडच्या बाया आल्या कीं इकडच्या तोंड फिरवायच्या. डबे वेगळे खायला लागल्या. कोणी कोणाला सुई देईना. उन्हाळा सुरू झालेला, शाळा उघडायच्या आधींची सगळ्यांत मोठी ऑर्डर आलेली, आणि कारखान्यांत दोन कारखाने झालेले.

एके दिवशीं जयंती सरळ मुदलाळींकडे गेली. आणि मुदलाळी वर आले, अक्काला म्हणाले, त्या पांचजणींना शनिवारपासून काढून टाक, येथं गल्लींत शिवणाऱ्या बाया पुष्कळ. सेल्वी तेथंच बसलेली. तिनं मशीन थांबवली नाहीं, शिवतच राहिली, पण मीं पाहिलं कीं कापड पुढं सरकत नव्हतं, एकाच जागीं टांके पडत होते. अक्का म्हणाली, शनिवारपर्यंत मजला वेळ आहे ना मुदलाळी? मग शनिवारीं बोलूं.

दुसऱ्या दिवशीं पहाटेच्या पहिल्या बसला अक्का, मी आणि जयंती. हो, जयंतीला तिनं बरोबर घेतलं! जयंती म्हणाली मी कशाला येऊं? अक्का म्हणाली, तक्रार तुझी आहे, तुझ्या डोळ्यांनीं पाहिलेलं बरं. बसमध्यें जयंती खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर केळीच्या बागा, विड्याच्या पानांचे मळे, नदीवरचा पूल.

तिरुप्पनंदाळला उतरलों तर समोर काय दिसलं सांगूं? बालवाडीच्या बंद दारापुढं सेल्वी आणि त्या चौघी उभ्या. कोणाच्या कडेवर पोर, कोणाच्या बोटाला. सेल्वीच्या कडेवर तिची नात, लेक आणि जांवई कोइमतूरला कामाला. शिवायला यायचं तर लेकरं कोठं ठेवायचीं? बालवाडी उघडणारी बाई तिच्या वेळेलाच यायची, त्या बाईचा तरी काय दोष, तिची वेळ तीच. आणि कुंभकोणला वेळेवर पोंचवणारी बस त्या आधींच निघून जायची, ह्यांच्या डोळ्यांसमोरून. रोज ती बस पाहायची आणि उभं राहायचं. मग दार उघडलं कीं लेकरं आंत सोडायचीं, तीं रडायचीं, तरी वळून न पाहतां स्टँडपर्यंत पळत सुटायचं, कारण ती पुढची बस चुकली कीं दिवसच गेला.

आम्हांला पाहून सेल्वी घाबरली. तिला वाटलं कीं कामावरून काढलं म्हणून सांगायला घरापर्यंत आल्या. अक्का म्हणाली, अगं, तुजबरोबर बसनं यायला आलों. दार उघडलं, आणि आम्हीही पळालों. एका तरण्या बाईच्या पदराला तिचं पोर इतकं घट्ट धरून होतं कीं सोडेना, तिचा डबा, पिशवी सगळं रस्त्यावर पडलं. मीं पाहिलं तर जयंती वांकली, डबा उचलला, पिशवी उचलली, आणि त्या बाईच्या आधीं धांवत जाऊन बसच्या दांड्याला धरून उभी राहिली, कंडक्टरला ओरडून म्हणाली, थांब रे, एक बाई येते आहे! तीच जयंती हो.

परत येतांना बस भरलेली, आम्ही सगळ्या उभ्या. बसस्टँडावर उतरल्यावर जयंती अक्काच्या मागं मागं आली आणि खालच्या आवाजांत म्हणाली, अक्का, मजला काफीला न्यायचं आहे काय? अक्का थांबली. म्हणाली, नाहीं गं, तुझं काय चुकलं? त्यांचं काम तूं ओढत होतीस, दमलीस, बोललीस. काफी पाहिजे तर पिऊं, पण बोलणीं खायला नको. जयंती काफी प्यायली आणि रडली. मीही होतें तेथं, मजलाही रडूं आलं, कशाला तें मजला आजही सांगतां येत नाहीं.

आणि पाहा, वाट जयंतीनंच काढली. अक्कानं नुसतं विचारलं, आतां कसं करूंया? जयंती म्हणाली, सकाळीं आम्ही कापूं, कॉलर आणि बाह्या तयार करून ठेवूं, ह्या येतील तेव्हां जोडणी यांच्या हातांत जाईल. संध्याकाळीं आम्ही आमच्या वेळेला उठूं, ह्या तासभर जास्त बसून काजं, बटणं, इस्त्री करतील, सातला परतीची बस आहेच. म्हणजे कोणाचं ओझं कोणावर नाहीं. सेल्वी म्हणाली, संध्याकाळीं लेकरं घरच्यांपाशीं असतात, संध्याकाळचं आम्हांला जमतं, सकाळचंच जमत नाहीं. इतकी सोपी गोष्ट. पण ती एकमेकींना विचारायला बस धरून नदीपलीकडे जावं लागलं.

शनिवारीं मुदलाळी आले. ऐकून घेतलं, आणि म्हणाले, छे, एका कारखान्यांत दोन वेळा चालायच्या नाहींत, सगळ्यांना एक घड्याळ पाहिजे. अक्का म्हणाली, मुदलाळी, तुम्हांला घड्याळ पाहिजे कीं शर्ट पाहिजेत? आम्ही सगळ्यांनीं मशीनी थांबवल्या. मग ती म्हणाली, शाळा उघडण्याच्या आधीं ऑर्डर पुरी झाली नाहीं तर आधीं मजला काढा, मग यांना. मुदलाळी तिच्याकडे पाहत राहिले. तिच्या नवऱ्याचं औषधपाणी तिच्याच कमाईवर, हें त्यांनाही माहीत. म्हणाले, सरी, म्हणजे बरं, ह्या वेळेपुरतं. आणि खालीं गेले, आणि त्या दिवशीं अंगणांतून त्यांचा आवाज आला नाहीं.

मग काम असं चाललं कीं काय सांगूं. मे महिन्याचं ऊन, आमच्याकडे त्याला कत्तरीचं ऊन म्हणतात, कत्तरी म्हणजे कातर, तसंच कापतं. पंखे गरम वारा फेंकायचे. पण सकाळीं सेल्वी येईपर्यंत तिच्या टेबलावर बाह्या रचून ठेवलेल्या असायच्या, आणि सकाळीं आम्ही यायचों तर काल संध्याकाळच्या इस्त्रीच्या घड्या भिंतीपाशीं उभ्या. डबे पुन्हा एकत्र उघडले. सेल्वीच्या घरची सुक्या माशाची आमटी मी खात नाहीं, माझी अंबटभाजी ती खायची, राजाच्या घरची भाजी म्हणून चिडवायची.

आणि अशा वेळीं अक्काच्या नवऱ्याचं तंजावरच्या आस्पत्रींत ऑपरेशन ठरलं. ऑर्डर अर्धी बाकी. ती मजपाशीं आली, म्हणाली गोदा, तूं पाहा. मी म्हटलं अक्का, मजला काय येतं, जयंतीला सांगा, ती हुशार. ती म्हणाली, हुशार ती आहे, पण सगळ्या तुजपाशीं येऊन बोलतात, तें मी पाहिलं आहे. मी म्हटलं कांहीं अडलं तर फोन करूं? ती म्हणाली कर, पण आधीं त्यांना विचार, मग मजला. जाऊन येतें म्हणाली आणि गेली.

आणि अडलंच. शाळेच्या मुलींचे पावडे कापून, शिवून ढीग झाला, आणि शाळेचा माणूस नमुना पाहायला आला तर म्हणाला, यंदा लांबी वाढवली आहे, हे आंखूड झाले. निरोप आला होता, पण कापणीच्या टेबलावर पुठ्ठ्याचा जुनाच नमुना राहिला. मुदलाळी जिन्यावरूनच ओरडत आले, कोणी कापले? कोणी कापले हे? कापणी जयंतीची, सगळ्यांना माहीत. तिचं नांव कोणी घेतलं नाहीं. जयंती पांढरीफटक. मजला वाटलं अक्का असती तर तिनं आतां कोणी कापले त्याकडे पाहिलं नसतं, त्या ढिगाकडे पाहिलं असतं. मी म्हटलं, मुदलाळी, तें नंतर. आधीं हे लांब कसे करायचे तें ठरवूं द्या, तुम्ही जरा बसा. मुदलाळींना बसा म्हणालें मी! आणि ते बसले हो, स्टुलावर, घाम पुसत.

मी फोन हातांत घेतला होता, तो तसाच ठेवला. विचारलं, कसं करूं बायांनो? मग सेल्वी म्हणाली, खालची दुमड उसवूं, ती सगळी लांबींत जाईल, आणि आंतून वेगळी पट्टी लावूं, बाहेरून कोणाला दिसणार नाहीं. लेकीचा पावडा असाच वाढवतों कीं आपण दर वर्षीं. जयंती उठली, म्हणाली पट्ट्या मी कापतें, शिल्लक कापड आहे. राणी म्हणाली उसवायचं मी करतें, चष्मा आहे मजला. एक पावडा करून शाळेच्या माणसाला दाखवला, त्यानं उलटासुलटा करून पाहिला, म्हणाला, चालेल, आणि मुलगी उंच झाली तर आणखी उपयोगी. मग दोन्हीकडच्या बाया वेळ विसरून बसल्या, सेल्वीकडच्या संध्याकाळीं, आमच्याकडच्या पहाटे. शाळा उघडायच्या आधीं टेम्पो भरून गेला. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तेव्हां जयंतीनं सेल्वीच्या खांद्यावर डोकं ठेवलं, बस.

अक्का परत आली, नवरा सुखरूप. मी सगळं सांगितलं, कापणीचंही सांगितलं. ती म्हणाली, फोन केला नाहींस? मी म्हटलं, वेळच मिळाला नाहीं. ती मधल्या वाटेंत जाऊन उभी राहिली, आम्हांला वाटलं आतां कौतुक करील, पण पदर तोंडाला लावून नुसती उभी राहिली. आम्ही सगळ्या तशाच, मशीनी बंद. ह्या वेळेपुरत्या म्हणून मिळालेल्या त्या दोन वेळा आजपर्यंत चालल्या आहेत. मुदलाळींनीं पुन्हा विषय काढला नाहीं.

आणखी कांहीं वर्षं अक्का होती, मग गुडघे धरले, जिना चढवेना, तेव्हां जातांना तिनं मुदलाळींना सांगितलं कीं गोदा पाहील. तेव्हांपासून मीच पाहतें. मजला तिच्यासारखं येत नाहीं, मी कधीं कधीं सगळ्यांसमोर चिडतें, मग रात्रीं झोंप लागत नाहीं. नव्या मुली आल्या आहेत, हातांत फोन, कानांत गाणं, त्यांची तऱ्हा वेगळी, पण मी जाऊन त्यांच्यापाशीं बसतें, बाही लावतें, विचारतें. सांगतात. विचारलं कीं माणूस सांगतो.

गेल्या महिन्यांत अक्का आली होती, मुलाच्या स्कूटरवरून, काठी टेकत, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून एक एक पायरी चढत. मी तेव्हां शाळेच्या माणसाशीं बोलत खालीं कोठारांत. वर आलें तर अक्का दारापाशींच्या खुर्चीवर बसलेली. एका नव्या मुलीनं तिला पाणी दिलं होतं, विचारलं होतं, पाटी, म्हणजे आजी, कोणाला भेटायचं आहे? आणि पुन्हा आपल्या मशीनवर जाऊन बसली होती. मजला लाजल्यासारखं झालं, मी म्हटलं अगं, ही कोण आहे माहीत आहे काय तुम्हांला, उठा उठा. अक्कानं माझा हात धरून खालीं ओढलं. गप्प बस म्हणाली. पाहा, कोणी थांबलं नाहीं. कोणी माझ्याकडे पाहत नाहीं, कोणी तुझ्याकडेही पाहत नाहीं. कॉलर तेथून इकडे येते, बाही तिकडून तेथं जाते, कोणी ओरडत नाहीं. आणि ती पुष्कळ वेळ तशीच बसून पाहत राहिली, काठी मांडीवर आडवी, मशीनींचा आवाज ऐकत, जसं कोणी देवळांत नादस्वर ऐकत बसतं. डोळे ओले होते तिचे, पण हंसत होती. म्हणाली, गोदा, आतां मी सुखानं जाईन घरीं.

तिजला पुष्कळ आयुष्य मिळो. तिचे गुडघे बरे होवोत. ज्या कोणा बाईला कामावर जायचं आहे तिला अक्कासारखं माणूस मॅनेजर म्हणून मिळो, मुली असोत कीं सुना असोत, पुण्याच्या असोत कीं येथल्या. एवढं लिहा. जातें मी, सेल्वीच्या बायांची बस यायची वेळ झाली.